पदकाची कड



गेल्या वर्षीच्या जानेवारी अंकात या सदराने एक चूक छापली. ती दुरुस्त करण्यासाठी आजचा लेखांक आम्ही खर्ची घालत आहोत. चूक आमची होती. वाचकांपैकी एकानेही ती दाखवून दिली नाही, हे विशेष. कारण ती सर्वांना हवीहवीशी वाटणारी होती.

प्रसंग १ जानेवारीच्या शौर्यदिनाचा. दुबई सिलिकॉन ओएसिसमधील एका सभासदाच्या घरी आपण सारे जमलो होतो. वंदना झाली, मुलांची भाषणे झाली, आणि एका तरुण अभियंत्याने काचेच्या चौकटीत बसवलेला संच सर्वांसमोर ठेवला. मखमलीवर तीन पदके होती : १९३९-४५चा तारा, ब्रह्मदेशाचा तारा आणि युद्धपदक. त्यांच्याखाली महार रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला. ‘ब्रह्मदेशात लढलेल्या महार शिपायाचा मूळ संच’ अशा वर्णनासह त्याने तो परदेशातील एका विक्रेत्याकडून अठराशे दिरहमला विकत घेतला होता. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. आम्ही त्यावर अर्धे पान लिहिले आणि ‘आपल्या पूर्वजाच्या छातीवरचा तारा वाळवंटात येऊन पोहोचला’ असे भरजरी वाक्यही टाकले. तो पूर्वज कोण, त्याचे नाव काय, हे विचारायचे राहून गेले.

हा प्रश्न विचारला तो एका आजींनी. त्या भंडारा जिल्ह्यातील एका गावातून व्हिजिट व्हिसावर लेकीकडे आल्या होत्या. अंकातले चित्र लेकीने मोबाइलवर दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “असाच बिल्ला आमच्याही पेटीत आहे. पण त्याच्या कडंला आमच्या मामंजींचं नाव आहे. याच्यावर कोणाचं आहे?”

मग आम्ही सारे कडेकडे पाहू लागलो.

पदकाचे मर्म त्याच्या दर्शनी बाजूवर नसते. तिथे राजाचा मुखवटा असतो, आणि तो लाखो पदकांवर एकच असतो. शिपाई असतो तो कडेवर, तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या त्या पट्टीवर, जिथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या आणि विजयपदकाच्या कडेवर हे नाव असते. १९१४-१५च्या ताऱ्याच्या पाठीवर असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने आपल्या सैनिकांना तारे व पदके बिननावी वाटली. भारतीय सैनिकांना दिलेल्या प्रतींवर मात्र बहुधा नाव ठसवलेले आढळते. म्हणजे आपल्या माणसांच्या पदकाबाबत पहिला प्रश्न हाच : कडेवर काय आहे?

या नावाचे मोल आखाती प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला अधिक कळावे, असे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९१४च्या नोव्हेंबरात भारतीय फौजा बसऱ्याजवळ उतरल्या आणि पुढची चार वर्षे मेसोपोटेमियात झिजल्या. तिथे पडलेल्यांसाठी बसऱ्यात उभारलेल्या स्मारकावर सुमारे ४०,००० जणांची स्मृती जपली आहे. परंतु भारतीय पलटणींच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा भेदभाव झाल्याचे मान्य केले. ज्याचे नाव स्मारकाने नाकारले त्याचे नाव, पदक घरी पोहोचले असेल तर, तेवढ्या एका कडेवर धातूत उरले आहे. आपल्या घरातला तो ‘बिल्ला’ सोनाराकडे टाकण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे. ब्रिटिश युद्धपदक चांदीचे, सुमारे एक औंसाचे. १९८०मध्ये चांदीचे भाव भडकले तेव्हा जगभर अशी पदके वितळली. आपल्याकडच्या किती जोडव्यांत आणि पैंजणांत अशी नावे विरघळली असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता त्या चौकटीतल्या संचाकडे वळू. त्या तरुणाने खुल्या मनाने तो आमच्या हाती दिला. चौकटीची पाठ उघडून पदके प्रथमच मोकळी केली. चौकट हीच पहिली शंका असायला हवी होती, कारण तिच्यात पदकाची कड दिसतच नाही.

दोन्ही ताऱ्यांची पाठ कोरी निघाली. यावरून ते खोटे ठरत नाहीत. ते अस्सल असतील, पण मग ते कोणाचेही असू शकतात. युद्धपदकाच्या कडेवर नाव होते, मात्र पलटण महार रेजिमेंट नव्हती. नाव पंजाबकडच्या एका मुसलमान शिपायाचे आणि पलटणही तिकडचीच. राहिला बिल्ला. त्यावर कोरेगावचा स्तंभ आणि एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन मशीनगन होत्या. महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला झाली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आणि ‘महार’ हा शब्द होता. मशीनगन त्यात आल्या त्या १९४६च्या ऑक्टोबरात रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाल्यावर. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणजे १९४४च्या ब्रह्मदेश मोहिमेतल्या शिपायाच्या टोपीवर हा बिल्ला असणे शक्य नाही. चार वस्तू चार ठिकाणांहून गोळा करून एका मखमलीवर मांडल्या होत्या, आणि त्यांना जोडणारा धागा होता विक्रेत्याचे एक वाक्य. ते वाक्य आपल्यासाठीच लिहिलेले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. पदकांच्या बाजारात ‘महार’ या शब्दाला आता किंमत आली आहे. ज्या शब्दासाठी सैन्यभरतीचे दार १८९२-९३च्या सुमारास बंद झाले, तोच शब्द वस्तूची किंमत दुप्पट करतो आहे. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये विनंतीपत्र लिहिले, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांमागून अर्ज केले. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१मध्ये मोडली. पुन्हा वीस वर्षांची पोकळी. १९४१च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. या इतिहासात जितके खंड आहेत, तितक्या जागा बनावट वस्तूला शिरायला मोकळ्या आहेत. जिथे कागद नाही, तिथे कथा स्वस्तात विकली जाते.

यातले सर्वांत मोठे प्रलोभन कोरेगावचे. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दरवर्षी कोणी ना कोणी ‘कोरेगावचे पदक’ मिळते आहे असा निरोप पाठवतो.

१ जानेवारी १८१८च्या लढाईनंतर लगेच कोणालाही पदक मिळाले नाही. स्तंभाचा पाया १८२१मध्ये घातला गेला, पण शिपायांच्या छातीवर काही यायला आणखी तीस वर्षे लागली. १८५१मध्ये ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले. ते १८०३पासून १८२६पर्यंतच्या मोहिमांसाठी होते आणि तेव्हा हयात असलेल्यांनाच मिळणार होते. पदक चांदीचे, त्यावर राणी व्हिक्टोरिया, आणि लढाईनिहाय वरती आडव्या पट्ट्या. त्यांतल्या एका पट्टीवर ‘कोरीगॉम’ असा उच्चार होईल अशा जुन्या इंग्रजी वळणाने कोरेगावचे नाव आहे. हिशेब करा : लढाईच्या दिवशी जो वीस वर्षांचा होता, तो १८५१मध्ये त्रेपन्न वर्षांचा. तोवर जगलेला, निवृत्त होऊन कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी परतलेला, आणि अशी काही योजना आहे हे कानावर येऊन अर्ज केलेला शिपाई किती विरळा असेल! म्हणून ही पट्टी असलेले अस्सल पदक अत्यंत दुर्मीळ आहे आणि ते क्वचितच मोठ्या लिलावात येते. दोनशे दिरहमला ते मिळत नाही.

बनावट करणाराला संपूर्ण पदक घडवावे लागत नाही. आवा किंवा भरतपूरची पट्टी असलेली पदके तुलनेने अधिक आढळतात. त्यांची पट्टी काढून नवी बसवली की काम झाले. तेव्हा पट्टी आणि टांगणी यांच्यामधले रिव्हेट पाहावेत : झीज सारखी आहे का, एक जुना आणि दुसरा चकचकीत तर नाही? कडेवरचे नाव आणि पलटण त्या लढाईशी जुळते का, ते पाहावे. कोरेगावच्या बाबतीत पलटण म्हणजे मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, शिवाय थोडे घोडदळ आणि मद्रासचा तोफखाना. स्तंभावरच्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय पुन्हा पुन्हा दिसतो, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे उभे राहिले तेव्हा त्यांच्यासमोर तीच नावे होती. पण केवळ ‘नाक’ दिसले म्हणून पदक अस्सल मानू नये. तो प्रत्यय कोणाचा आणि त्याला कोण भुलतो, हे बनावट करणारालाही ठाऊक आहे.

नाव घासून दुसरे घालण्याची कला तर फार जुनी आहे. कड थोडी घासली की पदकाचा व्यास किंचित घटतो. व्हर्नियर कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मापून पाहावे. मूळ नावे बहुतेक ठशाने ठोकलेली असतात, अक्षराचा तळ सपाट व खोली सारखी. हाताने कोरलेल्या अक्षरांत धातू उकरल्याच्या खुणा असतात. दोन्ही पद्धती वेगवेगळ्या काळात अधिकृतपणे वापरल्या गेल्या, म्हणून कोणत्या पदकासाठी कोणती होती हे आधी माहीत करून घ्यावे लागते. ओतीव नक्कल मूळापेक्षा अंमळ लहान भरते, कारण थंड होताना धातू आकसतो. तिच्या अक्षरांच्या कडा मेणासारख्या गुळगुळीत असतात. चुंबक जवळ न्यावे : चांदी, कांसे, तांबे-निकेल यांतले काहीही चिकटत नाही, चिकटले तर प्रश्न मिटला. फीत अतिनील दिव्याखाली धरली असता पांढरी-निळी चमकली तर ती आधुनिक धाग्याची. मात्र फिती नेहमीच बदलल्या जातात. नव्या फितीवर जुने अस्सल पदक असणे अगदी स्वाभाविक आहे.

एक उलटा गैरसमजही दूर करू. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश युद्धपदक कांशाचे असेल तर घरचे लोक म्हणतात, हे खोटे, खरे चांदीचे असते. तसे नाही. चांदीची सुमारे ६५ लाख पदके निघाली, आणि कांशाची सुमारे १ लाख १० हजार. कांशाची पदके भारतीय, चिनी, माल्टी अशा श्रमिक पथकांना दिली गेली. बंदूक घेणाराला चांदी आणि ओझे वाहणाराला कांसे, हा भेद साम्राज्याने केला. आपण तो पुढे चालवू नये. रस्ते, बंदरे, खेचरे, दवाखाने यांत राबलेल्या माणसाचे कांशाचे पदक आज अधिक दुर्मीळ आहे. आणि ते आपल्या घरांत निघण्याची शक्यताही कमी नाही.

आता आजींची पेटी.

पदक दुसऱ्या महायुद्धातले म्हणून ते इकडे आणण्यात अडचण नव्हती. पहिल्या महायुद्धाचे असते तर आम्ही थांबवले असते. १९७२च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीने भारताबाहेर नेणे निषिद्ध आहे. १९२०-२२च्या सुमारास वाटली गेलेली पदके आता ती मर्यादा ओलांडत आहेत. पणजोबांचे पदक सामानात गुंडाळून मुंबईहून निघण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याने आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. छायाचित्र आणावे. वस्तू गावीच राहू द्यावी.

आजींच्या मुलाने पदक रुमालात गुंडाळून आणले. काळपट, जड, फीत नाही. आम्ही सर्वप्रथम हात जोडून एकच विनंती केली : पितांबरी लावू नका, चिंच लावू नका. घासण्यात जाते ते पहिल्यांदा कडेवरचे अक्षर. मऊ ब्रशने धूळ झटकली, खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरले. दर्शनी सहावा जॉर्ज. पाठीमागे भारताचा नकाशा आणि १९३९-४५. कडेवर क्रमांक, ‘सिपॉय’, आजींच्या सासऱ्यांचे नाव, आणि शेवटी संक्षेपाने महार रेजिमेंट. क्रमांकातला एक आकडा झिजला होता, बाकी सारे स्वच्छ.

पदक अस्सल. संशयाला जागा नाही. पण ते ब्रह्मदेशाच्या ताऱ्याचे भावंड नव्हते. ते होते ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ : १९४६मध्ये सुरू झालेले, भारतात तीन वर्षे बिगरलढाऊ सेवा केलेल्यांसाठीचे. आणि त्या कुटुंबाची पक्की आठवण अशी की सासरे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. दर शौर्यदिनी नातवंडे ते सांगतात. एका नातीने शाळेत त्यावर निबंध लिहिला होता.

महार रेजिमेंटच्या युद्धकाळाचा आराखडा पाहिला की चित्र उलगडते. पहिली व तिसरी बटालियन वायव्य सरहद्द प्रांतात होत्या. दुसरी आणि २५वी देशांतर्गत सुरक्षेवर. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत २३व्या भारतीय डिव्हिजनबरोबर गेली ती दुसरी. म्हणजे बहुसंख्य महार शिपायांचे युद्ध पूल, रेल्वे, डेपो आणि सरहद्दीवरची ठाणी यांत गेले. केवळ हे पदक सापडले म्हणून सासरे ब्रह्मदेशात नव्हतेच, असेही ठरत नाही. तारे हरवतात, कित्येकदा घरी पोहोचतच नाहीत. त्याचा निकाल सागर येथील रेजिमेंटच्या अभिलेखांतूनच लागेल. क्रमांकासह अर्ज करायला आम्ही सुचवले आहे.

हे आजींना सांगायचे की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. एकाचे म्हणणे, ऐंशी वर्षांच्या बाईची समजूत कशाला मोडायची. दुसऱ्याचे म्हणणे, विकतच्या खोट्या संचाची शहानिशा करायची आणि घरच्या आठवणीला हात लावायचा नाही, ही कुठली रीत? शेवटी लेकीनेच सांगितले. आजी ऐकून घेऊन म्हणाल्या, “ब्रह्मदेशाचं मामंजी कधी बोललेच नाहीत. ते तर गावानं लावलं. ते म्हणायचे, पुलावर उभा होतो, रात्र रात्र. पुलावर उभा होतो म्हणून मला पेन्शन नाही, पण नावानं हाक मारत. सायेब नावानं हाक मारत.”

आम्ही ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत.

मग त्या घरात कागद शोधायला सुरुवात झाली, आणि ते अनपेक्षित ठिकाणी सापडले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक जाड फाइल असते : जात पडताळणीची. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा म्हणून वडिलांनी तालुक्याला खेपा घालून जमवलेले कोतवाल बुकाचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, वंशावळ, जन्म-मृत्यूच्या नोंदी. ती फाइल आपण एका दाखल्यासाठी केली आणि कपाटात ठेवून दिली. पदकाच्या कडेवरचे नाव आणि नातवाच्या पासपोर्टवरचे आडनाव यांना जोडणारा पूल नेमका त्या फाइलमध्ये असतो. ‘अमुक नाक’ होता तो ‘अमुक गावकर’ केव्हा झाला, वडिलांच्या शाळेत गुरुजींनी कोणते आडनाव लावले, ते तिथेच दिसते. आयुष्यभर आपल्याकडे पुरावा मागितला गेला. त्या त्रासातून तयार झालेले हे दफ्तर एखाद्या संग्राहकाला लाखो रुपये देऊनही मिळणार नाही. आजींच्या घरच्या फाइलमध्ये १९४८चा शाळेचा दाखला निघाला, आणि वडिलांच्या नावासमोर ‘पेन्शनर नाही, माजी शिपाई’ अशी हातची नोंद. फाइल पिवळी पडली आहे. तिचे स्कॅन या महिन्यात करायचे ठरले आहे. प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटात पदक किंवा कागद ठेवू नये, दुबईच्या दमटपणात ते धातूला खाते. आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावे.

उरला तो चौकटीतला संच. अठराशे दिरहम परत मिळाले नाहीत. विक्रेत्याने उत्तरच दिले नाही. त्या तरुणाने दोन्ही तारे आणि बिल्ला मुलांना दाखवण्यासाठी ‘बिननावी’ अशी चिठ्ठी लावून ठेवले आहेत. युद्धपदक मात्र त्याने वेगळ्या डबीत ठेवले. त्यावरच्या शिपायाचे नाव आम्ही इथे छापत नाही. पण क्रमांक आणि पलटण आहे, आणि सिलिकॉन ओएसिसमध्ये त्याच्या इमारतीत पंजाबकडची, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची कुटुंबे आहेत. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ती पलटण आपल्या आजोबांच्या तालुक्यातली असल्याचे सांगितले. पुढच्या शनिवारी ते पदक पाहायला येणार आहेत.